तिच्या नावाच्या नळ्या

पट्ट्याचं एक टोक दातांत धरून तिने दुसरं ओढलं आणि डाव्या दंडाला आवळून टाकलं. मूठ वळली. कोपराच्या खळगीत शीर टरारून वर आली. लोकांच्या शिरा शोधण्यात तिची आठ वर्षं गेली होती. लपणाऱ्या, निसटणाऱ्या, म्हाताऱ्यांच्या कागदासारख्या, बाळांच्या धाग्यासारख्या. स्वतःची शीर तिने अशी निरखून आजच पाहिली. शहाण्या मुलीसारखी ती जागेवर थांबली होती. तिने सुई टेकवली.

"झालं का गं ताई?" न्हाणीघराच्या बंद दारामागून आवाज आला.

"माझं होत आलंय. तुझं व्हायचंय. बाहेर ये."

"मी नाही येणार."

"अगं, मुंगी चावल्याएवढं दुखतं."

"मग मुंगीच आण."

ताईला हसू आलं. हात हलू नये म्हणून तिने ते ओठांतच दाबलं. पहिली नळी भरली. ती काढून तिने निळ्या टोपणाची लावली. ही नळी खास बनवलेली असते. तिच्यात धातूचा कणही चालत नाही. मोजायचं असतं ते रक्तातलं तांबं, त्यात नळीची भर पडायला नको.

दुसरी नळी भरली. आता सुई काढायची, कापूस दाबायचा. इस्त्रीच्या टेबलावर, जुन्या चादरीच्या घडीवर, आणखी दोन रिकाम्या नळ्या पडल्या होत्या. त्यांच्यावर धाकटीचं नाव लिहून तयार होतं. धाकटीला घरात सगळे भिंगरी म्हणत. सोळा वर्षांची झाली तरी ती कधी एका जागी बसली नव्हती. आज मात्र तासभर न्हाणीघरात बसून होती.

"भिंगरी, आई येईल एवढ्यात. कपडे पोचवून यायला तिला कितीसा वेळ लागतो?"

दारामागे नाक ओढल्याचा आवाज झाला. मग अगदी बारीक आवाजात ती बोलू लागली.

"ताई, दादाचा हात मी धरायचे. तू कामावर असायचीस, आई दुकानात. शेवटी शेवटी त्याची शीरच सापडत नव्हती. मग सिस्टर पायात टोचायच्या. तो ओरडायचासुद्धा नाही, नुसता माझ्याकडे बघायचा. मला नाही गं जमायचं. तुझ्या पाया पडते."

सुई अजून शिरेतच होती. ताईने दाराकडे पाहिलं, मग त्या रिकाम्या नळ्यांकडे.

आठ वर्षांत तिने आजारपणाची एक रजा घेतली नव्हती. आई तिला गमतीने वरवंटा म्हणायची: आपटला तर फरशी फुटेल, वरवंट्याला काही व्हायचं नाही. आपला रिपोर्ट स्वच्छ येणार यात तिला तिळमात्र शंका नव्हती. म्हणजे याच रक्ताने पोरीचाही स्वच्छ येईल. आईच्या हातात दोन चांगले कागद ठेवता येतील. सहा महिन्यांत त्या बाईने चांगलं म्हणावं असं काही ऐकलं नव्हतं. पोरगी जरा सावरली की महिन्याभराने खरं रक्त काढू, कुणाला पत्ताही लागायचा नाही.

तिने तिसरी नळी लावली. मग चौथी.

"ये बाहेर," ती म्हणाली. "झालं तुझं."

भिंगरीने दार किलकिलं केलं, टेबलावरच्या चार भरलेल्या नळ्या पाहिल्या आणि काही न विचारता आपला हात पुढे केला. ताईने तिच्या कोपरावर कापसाचा बोळा ठेवून वरून चिकटपट्टी लावली. आई आली तेव्हा दोघी बहिणी हात दुमडून शेजारी शेजारी बसल्या होत्या.

"रडली का?" आईने विचारलं.

"थोडीशी," ताई म्हणाली.

---

दादा खिडक्यांना काचा बसवायचा. काच कापताना त्याचा हात असा सरळ जायचा की मालक इतरांना त्याच्याकडे बोट दाखवून शिकवायचा. मग काचा फुटायला लागल्या. आधी महिन्यातून एक, मग आठवड्याला. हात थरथरायचा, जीभ जड व्हायची, क्षुल्लक गोष्टीवरून तो ताट भिरकावायचा. मालक म्हणाला, पितो. शेजारी म्हणाले, पितोच. आई रोज संध्याकाळी त्याला दारातच थांबवायची आणि त्याचं तोंड हुंगायची. वास कधीच आला नाही. तरी ती रोज हुंगायची, आणि तो सव्वीस वर्षांचा बाप्या लहान मुलासारखा तोंड उघडून उभा राहायचा.

"नाटकं आहेत सगळी," ताईही एकदा म्हणाली होती. त्याच्या देखत.

पोट फुगलं, डोळे पिवळे झाले, तेव्हा कुठे मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या डोळ्यात बारीक दिवा धरला. बुबुळाच्या कडेने तपकिरी कडं होतं. त्यांनी ताईला बोलावून ते दाखवलं. मग रक्त तपासलं. शरीरात तांबं सगळ्यांच्याच असतं, त्या म्हणाल्या, अन्नातून येतं आणि जादाचं निघून जातं. याचं निघत नाही. लिव्हरमध्ये साठतं, तिथून मेंदूत जातं. ते रक्तातून वाहून नेणारं एक प्रथिन असतं, त्याला हमाल समजा. या आजारात तो हमालच रक्तात कमी सापडतो. तो मोजला की पुष्कळसं कळतं. साधी रक्ताची तपासणी. वर्षभर आधी आला असता तर गोळ्या खात म्हातारा झाला असता.

साऱ्या गावाचं रक्त काढणारी बहीण घरात आणि भावाची एक नळी कुणी भरली नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो ताईने डोळ्यांनी पाहिला.

दादा गेल्यावर बाईंनी दोघी बहिणींच्या नावाने चिठ्ठ्या लिहून दिल्या. हा आजार आईबापांकडून येतो, दोघांकडून अर्धा अर्धा; प्रत्येक मुलामागे चारात एक, असा त्याचा धोका असतो. आईने मात्र तेवढंच उचललं. चारात एक.

"माझा एक गेला," ती म्हणायची. "चारात एक म्हणाल्या होत्या ना? घेतला त्याने एक. आता माझ्या पोरींना कुणी हात लावायचा नाही."

"आई, तसं नसतं ते."

"मग कसं असतं?"

ताई समजावून सांगायची. आई शर्टाची कॉलर दाबत ऐकून घ्यायची आणि शेवटी म्हणायची, "तू शिकलेली आहेस. पण माझी तीन होती आणि एक गेला, एवढं मला येतं मोजता."

चिठ्ठ्या सहा महिने देवाच्या फोटोमागे पडून राहिल्या. अखेरीस ताईने बाईंना विचारलं, मी याच कामातली आहे, घरीच रक्त काढून आणलं तर चालेल का? बाई म्हणाल्या, तू काढलेलं न चालायला काय झालं?

---

रिपोर्ट पाच दिवसांनी आले. लॅबमधले मास्तर जुने होते, निवृत्तीला टेकलेले. सुई बघून घाबरणाऱ्या माणसांना ते सांगायचे, "आमची सुईवाली डासापेक्षा बरी. डास निदान आधी गाणं म्हणतो, ही तेवढाही वेळ घेत नाही." त्या दिवशी त्यांनी विनोद केला नाही. तिला आतल्या खोलीत बोलावून खुर्ची पुढे सरकवली.

"मी परत मशीन चालवायला सांगितलं होतं," ते म्हणाले. "तुला न विचारताच."

"मग?"

"तेच आलं."

त्यांनी दोन कागद टेबलावर ठेवले. त्या हमालाचा आकडा वीसच्या वर असावा लागतो. तिच्या नावापुढे सात होतं. भिंगरीच्या नावापुढेही सात. तांब्याच्या आकड्यांतही एकाचाच फरक.

"दोघीही गं," मास्तर म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. "घरी जा तू आज. मी बघतो काउंटरचं."

"नको. बाहेर सात जण बसलेत."

तिने सातही जणांचं रक्त काढलं. एकालाही दुसऱ्यांदा टोचावं लागलं नाही. शेवटचा माणूस गेल्यावर तिने हातमोजे काढले आणि मग हात धुवायच्या बेसिनला धरून बराच वेळ उभी राहिली. आपल्याला झालंय, हे तिच्या मनात फिरत होतं, पण ते कुठे टेकत नव्हतं. टेकत होतं ते दुसरंच: या कागदाची एक प्रत आता बाईंकडे गेली असणार आणि बाई उद्या आईला बोलावणार.

बाईंनी बोलावलं. तिघी गेल्या. खोलीत दोनच खुर्च्या होत्या, म्हणून भिंगरी भिंतीला टेकून उभी राहिली. बाई उगाच गोल गोल बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी सांगितलं, दोघींनाही तोच आजार दिसतोय.

आई खुर्चीत पुढे सरकली.

"तुम्ही चारात एक म्हणाला होतात," ती म्हणाली. आवाजात भांडण नव्हतं. वाण्याने एक भाव सांगून दुसरा लावावा, तसं ती विचारत होती.

"प्रत्येक मुलाच्या वेळी नव्याने चारात एक, मावशी. पहिल्याला झालं म्हणून दुसऱ्याला सूट नसते."

"तिन्ही?"

"लवकर सापडलंय. गोळ्या आहेत."

"त्यालाही होत्याच की गोळ्या."

बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी लावले. "सख्ख्या बहिणी असल्या तरी आकडे सहसा इतके जुळत नाहीत," त्या म्हणाल्या आणि चष्म्यावरून ताईकडे पाहिलं. "सोमवारी दोघींना आण. डोळे बघायचेत, दिवसभराची लघवी तपासायची आहे, लिव्हर कितपत चाललंय ते पाहू. मग दोघींना गोळ्या सुरू करू. जन्मभराच्या आहेत, आणि त्यांचाही त्रास असतो, म्हणून नीट तपासून."

ताईने तोंड उघडलं. मग आईकडे पाहून मिटलं. भिंगरी भिंतीशी उभी राहून आपल्या कोपराची ती जागा अंगठ्याने चोळत होती, जिथे सुई कधी गेलीच नव्हती.

तिघी बाहेर आल्या. रस्त्याने आई दोघींच्या मध्ये चालली. दोघींचे हात तिने धरले होते, पोरी लहान असताना धरायची तसे, मनगटाच्या वर.

---

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने दुकानाची फळी उघडली, इस्त्री तापवली आणि उभी राहिली. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. टेबल, त्यावर जुन्या चादरी, मागे गाठोडी, आणि ओल्या कापडाचा भाजका वास. तिने चहा घेतला नाही. एकामागून एक गाठोडं सोडत गेली. घडी अशी पडत होती की सुरीने कापावी.

शाळेतला शिपाई आपले कपडे घ्यायला आला.

"पुढच्या आठवड्यापासून दुसरीकडे द्या," आई म्हणाली. "दुकान बंद करतेय."

"का हो मावशी? लॉटरी लागली की काय?"

"लागली ना. तिन्ही तिकिटं लागली."

तो हसत हसत कपडे घेऊन गेला. आईही हसली. ते हसू त्याच्या पाठीमागे बराच वेळ तिच्या चेहऱ्यावर तसंच राहिलं, काढायचं विसरल्यासारखं.

आतल्या दारात दोघी बहिणी उभ्या होत्या. भिंगरीने ताईचा पदर ओढला.

"तू सांगतेस की मी सांगू?" ती पुटपुटली.

"तू गप्प बस."

"रात्रभर ती माझ्या अंगावरून हात फिरवत होती. मला झालंय म्हणून. मला सहन नाही होत."

ताई पुढे गेली. टेबलाच्या अलीकडे उभी राहिली. गिऱ्हाईक उभं राहतं तिथे.

"आई, भिंगरीच्या नावाच्या नळ्यांत तिचं रक्त नव्हतं."

इस्त्री बाहीवरून खाली गेली, परत वर आली.

"मग कुणाचं होतं?"

"माझं. चारही नळ्या माझ्याच. ती घाबरली होती. मला वाटलं, माझं चांगलंच येणार, मग तिचंही चांगलंच लागेल. तुला जरा बरं वाटेल."

आईने इस्त्री उभी केली. खूप सावकाश, जणू खाली कुणी झोपलंय.

"म्हणजे हिला नाही?"

"तिचं तपासलंच नाही."

"पण ते जे सात आहे, ते हिचं नाही."

"नाही."

"सुटले गं बाई!"

शब्द तोंडातून निसटूनच गेले. आईचा चेहरा उजळला. ताईने तो चेहरा वर्षभरात पाहिला नव्हता. गालांवर रक्त आलं, डोळे मोठे झाले, आणि ही बाई कधीकाळी तरुण होती हे एकदम दिसलं. टेबलाला वळसा घालून तिने भिंगरीला कवेत घेतलं, तिची मान, कान, केस जिथे सापडतील तिथे कुरवाळले. "माझी बाय, माझी बाय," ती म्हणत राहिली. मग भिंगरीच्या खांद्यावरून तिची नजर ताईवर पडली.

हात तिथेच थांबले.

"मी तुला म्हणून नाही गं म्हटलं तसं," आई म्हणाली.

"कळलं मला."

"दोघी गेल्या असं धरून बसले होते. त्यातली एक परत..."

"आई, कळलं."

आणि ताईला खरंच कळलं होतं. हाच चेहरा बघायचा म्हणून तर त्या दिवशी तिने शिरेतली सुई काढली नव्हती. तो दिसला होता. तिने शिपायाच्या कपड्यांतला खाली पडलेला एक मोजा उचलला आणि उगाच सरळ केला.

आई तिच्याजवळ आली. तिच्या गालाला हात लावावा की नाही हे न ठरल्यासारखी जवळ उभी राहिली. शेवटी तिने ताईच्या खांद्यावरचं एक सूत काढून टाकलं.

"सोमवारी मी येते तुझ्याबरोबर," ती म्हणाली. "गोळ्या घ्यायच्या वेळेवर. तो द्यायचा फेकून."

"घेईन."

"वरवंटा आहेस तू."

ताईने मान हलवली. मग म्हणाली, "सोमवारच्या आत हिचं रक्त काढायला हवं."

"नको."

"आई..."

"नको म्हटलं ना! दोघांचं बघितलं तेवढं बस झालं. ही राहू दे. हसते, खेळते, चार पोळ्या खाते. एक तरी न बघितलेली राहू दे माझ्याजवळ."

"दादाही खायचा चार पोळ्या."

हे बोलून ताईला वाटलं आपण तिला मारलंच. आई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिकडेच बघत तिने विचारलं, "आता दोन गेली माझी. अजूनही तिच्या वाटणीला तेवढंच? चारात एक?"

"तेवढंच. चारातल्या तीन वेळा नसतं आई, तेही बघ ना."

"तिघांत दोन निघाली, आणि तू मला तीन वेळांचं सांगतेस."

तेवढ्यात टेबलावरचे शर्ट सरकल्याचा आवाज झाला. भिंगरीने जागा केली होती. ताईची पिशवी तिनेच आतून आणून ठेवली होती. अजून गरम असलेल्या चादरीवर तिने आपला उघडा हात पसरला आणि मान दुसरीकडे वळवली.

"काढ," ती म्हणाली. "लवकर काढ, नाहीतर मी पळेन."

ताईने नव्या नळ्या काढल्या, पट्टा बांधला. आई भिंतीपासून वळली. रक्त बघून तिला नेहमी भोवळ यायची. भाजी चिरताना बोट कापलं तरी ती दुसऱ्याला बांधायला सांगायची. ती टेबलापाशी आली, लेकीचं मनगट दोन्ही हातांनी धरलं.

"या खेपेला माझ्यासमोर," ती ताईला म्हणाली. "मी बघणार."

सुई गेली. भिंगरीने श्वास आत ओढला, पण हात सोडवला नाही. आईने डोळे मिटले नाहीत. काळपट लाल रेघ नळीत उतरली, फुटली, वर चढत गेली. एक नळी भरली, मग निळ्या टोपणाची. ताईने कापूस दाबला.

"मुंगीच होती की गं," भिंगरी म्हणाली, आणि एकदम रडायला लागली.

ताईने चिठ्ठ्यांवर नाव लिहून त्या नळ्यांना चिकटवल्या. आईला अक्षर येत नव्हतं.

"काय लिहिलंस ते वाच."

ताईने वाचलं.

"परत वाच."

ताईने परत वाचलं. एकेक अक्षर सुटं करून.

आईने टेबलावरून दोन्ही नळ्या उचलल्या आणि उजेडाकडे धरल्या.

"गरम आहे गं अजून," ती म्हणाली.

"असतं थोडा वेळ. दे इकडे. फार वेळ बाहेर ठेवून चालत नाही."

ताईने हात पुढे केला. आईने नळ्या मुठीत घेतल्या, मूठ छातीशी धरली. दारात कुणीतरी गाठोडं घेऊन आलं, "मावशी" म्हणून दोन हाका मारल्या आणि उत्तर मिळेना तसं निघून गेलं. ताईचा हात पुढेच होता.

"दे ना आई," ती म्हणाली.

आईची मूठ उघडली नाही.